गौलीगुड्यातून आणलेली फौजी चंची : घ्यावी की नाही?



गेले तीन आठवडे कार्यालयात येणारा प्रत्येक जण खिळ्याला टांगलेल्या त्या खाकी पट्ट्याकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "सचिव, फौजेत भरती झालात का?" एकेकाला सांगून तोंड दुखलं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांनी पोराकडून वाचून घ्या, पण पूर्ण ऐका. त्यात आपल्या सोसायटीचे पैसे अडकलेत आणि जिवाचाही प्रश्न आहे.

विषय कुठून निघाला ते बहुतेकांना माहीत आहे. गेल्या साली गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात आपला एक सभासद रात्री एकटाच थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं टाकायला गेला. नाव लिहू नका असं त्यानं सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. मध्यरात्रीनंतर वारा सुटला, तराफा कलला आणि तो पाण्यात पडला. हाताला जाळ्याच्या टोकाचा रिकामा कॅन लागला म्हणून वाचला. उजाडेपर्यंत त्या कॅनला धरून होता. तराफा वाऱ्यानं वाहत भिंतीकडे गेला. दुसऱ्या दिवशी त्यावर त्याची पिशवी सापडली. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मोबाईल होता, कोरडा आणि चालू. नेटवर्क होतं, बॅटरी होती, ११२ लागला असता. पण फोन एका काठाला आणि माणूस पाण्याच्या मधोमध.

त्यानंतरच्या मासिक सभेत तरुण पोरांनी मोबाईलवर चेस्ट रिगचे व्हिडिओ दाखवले. चेस्ट रिग म्हणजे छातीवर बांधायचा खिशांचा पट्टा. सैनिक त्यात मॅगझीन ठेवतात. पोरांचं म्हणणं असं की सामान होडीत ठेवायचंच नाही, अंगावर ठेवायचं. मग होडी गेली तरी फोन, शिट्टी, बॅटरी जवळ राहील. चाळीस नग सोसायटीनं घ्यावेत, असा ठराव मांडला गेला. आमच्या एका ज्येष्ठ काकांनी पान लावता लावता विचारलं, "म्हंजे ही फौजी चंचीच की!" तेव्हापासून तिचं नाव फौजी चंची पडलं. आधी एक आणून बघू, मग ठरवू, असं ठरलं. आणायचं काम अर्थातच सचिवाच्या गळ्यात.

जाळ्याचं सूत आणि दोर घ्यायला मला हैद्राबादला जायचंच होतं. माझे साडूभाऊ गौलीगुड्यात राहतात, तिथं उतरलो. आपल्या भागातल्या पन्नाशीच्या पुढच्या माणसाला गौलीगुडा म्हटलं की बसस्टँडच आठवतो. निजामाच्या काळातला तो गोल पत्र्याचा प्रचंड मांडव मुळात विमानं ठेवायचा हँगर होता आणि १९३२ पासून तिथं बसगाड्या लागायला लागल्या. वडिलांसोबत लहानपणी मी तिथं उतरलोय, डिझेलचा वास अजून नाकात आहे. १९९४ ला महात्मा गांधी बसस्टँड झालं आणि लांबच्या गाड्या तिकडं गेल्या. जुना हँगर ५ जुलै २०१८ ला कोसळला. धोका ओळखून थोडेच दिवस आधी गाड्या आणि माणसं बाहेर काढली होती, म्हणून कुणाचा जीव गेला नाही. आता तिथं उभं राहिलं की नुसतं आभाळ दिसतं.

गौलीगुडा, सुलतान बाजार, काचीगुडा या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, जवळच जांबागेत विवेकवर्धिनी शाळा आहे, त्यामुळे रस्ता विचारायला भाषेची अडचण येत नाही. बाजारात मात्र हैद्राबादी हिंदीच चालते. बेगम बाजार पायी जाण्याइतका. सूत, दोर घेऊन झालं, तिथल्या मासळीबाजारातून एक चक्कर मारली (मृगाच्या दिवशी हैद्राबादचे लोक मासळीला कशी रांग लावतात ते एकदा जाऊन बघाच, आपल्या धंद्यातल्या माणसाचं पोट भरतं नुसतं बघून) आणि परत येताना बॅगा आणि बुटांच्या एका दुकानात ही वस्तू टांगलेली दिसली. दुकानदाराला विचारलं, "ये फौज का माल है क्या?" तो हसला. म्हणाला, "फौज का नहीं मियाँ, फौज जैसा है."

या एका वाक्यासाठी मी त्याला दहा रुपये जास्त द्यायला हवे होते. साडेआठशे सांगितले, सातशेला दिलं.

तीन रंग होते. काळा, खाकी आणि फौजेच्या कपड्यासारखी हिरवी नक्षी. पोरांनी नक्षीचाच आणा म्हणून बजावलं होतं, तरी मी खाकी घेतला. राग आला असेल तर कारण ऐका. धरणाच्या भिंतीजवळ पहाटे अंधारात छातीवर फौजी पट्टा बांधलेला माणूस दिसला तर पहारेकरी काय समजेल? २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारीची बोट पळवून आले होते. तेव्हापासून समुद्रावरच्या आपल्या भावांच्या मागे ओळखपत्रं आणि तपासण्या लागल्या त्या लागल्याच. आपण गोड्या पाण्यातले, पण धरण ते धरणच. शिवाय लष्करानं २०२२ च्या सेनादिनाला जो नवा गणवेश आणला, त्याच्या नक्षीची त्यांनी नोंदणी करून ठेवली आहे, ती बाहेर विकता येत नाही. दुकानातली नक्षी ती होती की दुसरी, हे तुम्हाला-मला काय कळणार? आणि सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. ती नक्षी माणूस दिसू नये म्हणून काढलेली असते. पाण्यात पडलेला माणूस दिसला पाहिजे. खाकीसुद्धा या कामाला वाईटच. घरी आल्यावर मी त्यावर नारिंगी ताडपत्रीच्या दोन पट्ट्या शिवून घेतल्या.

आता वस्तू कशी आहे ते सांगतो. पुढे तीन मोठे खिसे, त्यांच्यावर झाकणं, बाजूला दोन लहान खिसे. खांद्यावरून दोन पट्टे जातात आणि पाठीवर फुलीसारखे एकमेकांना छेदून कमरेला येतात. कमरेचा पट्टा पाठीमागे प्लास्टिकच्या क्लिपनं बंद होतो. ही कल्पना जुनीच. चिनी सैन्यानं रायफलीच्या मॅगझीनसाठी असा साधा कापडी पट्टा केला होता आणि व्हिएतनामच्या लढाईत तो फार चालला. समोर आडव्या शिवलेल्या पट्ट्या दिसतात, त्यात हवे ते जादा खिसे अडकवता येतात. ती पद्धत अमेरिकन लष्करानं १९९० नंतरच्या दशकात काढली. या आडव्या पट्ट्या लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरच गाडी अडली.

कापडावर ६०० डी लिहिलंय. डी म्हणजे डेनियर, आपल्या सुतावर २१० लिहिलेलं असतं तेच. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितका डेनियर. म्हणजे धागा जाड आहे, फाटायचं भय कमी. पण जाड धाग्याबरोबर शिलाईही तशीच लागते. आपण जाळं घेताना गाठ बघतो, तशी इथं पट्टा जिथं शिवलाय तो सांधा बघायचा. या चंचीच्या खांद्याच्या सांध्याला चांगली आडवी दाट टाचणी आहे, पण कमरेच्या पट्ट्याला साधी दोन ओळींची शिलाई. पाच किलो भरून दोन दिवस खिळ्याला टांगल्यावर तिथलाच धागा उसवायला लागला. ताडपत्री शिवणाऱ्याकडून पक्का करून घेतला, वीस रुपये लागले.

कापड पॉलिस्टरचं. पोरांना वाटतं नायलॉन, पॉलिस्टर सगळं सारखंच. जाळ्याच्या माणसानं तरी असं म्हणू नये. प्लास्टिकचा पिवळा-निळा दोर पाण्यावर तरंगतो, नायलॉन बुडतं आणि पॉलिस्टर त्याहून जड, तेही बुडतं. म्हणजे ही चंची रिकामी असली तरी पाण्यात तळाला जाते. मासळीच्या काट्यावर घातली तर कोरडी ५२० ग्रॅम भरली. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी काढली, निथळू दिली, तेव्हा ९४० ग्रॅम. खिशांच्या तळाला पाणी जायला भोकच नाही. तांब्याभर पाणी प्रत्येक खिशात तसंच. चांभाराकडून पितळी रिंगा मारून भोकं पाडून घेतली. लोखंडी रिंगा मारू नका, महिन्यात गंजतात.

पहिल्या दिवशी काठावर मला ती फार आवडली, हे कबूल करतो. एका खिशात मोबाईल, दुसऱ्यात सुई, सुताची नलकी आणि पक्कड, तिसऱ्यात बॅटरी, लहान खिशात चाकू आणि शिट्टी. दोन्ही हात मोकळे. जाळं दुरुस्त करताना सुई शोधायला दहादा उठावं लागतं ते बंद झालं. लुंगीच्या ओच्यात खोचलेला चाकू मांडीला लागायचा, तेही थांबलं. आमचे काका म्हणाले, "भाऊ, चाळीस वर्षांपूर्वी मिळाली असती तर माझ्या तीन सुया वाचल्या असत्या."

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरलो. छातीइतक्या पाण्यात, काठाजवळ, दोन्ही बाजूला दोन पोहणारे उभे करून. कुणीही एकट्यानं हा प्रयोग करू नका.

आधी जाळं. चार इंची आसाचं जाळं चंचीवरून दहा वेळा ओढलं. सहा वेळा अडकलं. कधी क्लिपच्या कोपऱ्याला, कधी झाकणाच्या टोकाला, आणि जास्तीत जास्त वेळा त्या आडव्या पट्ट्यांत. आस पट्टीखाली गेला की ओढल्यावर निघत नाही, मागे सैल सोडावा लागतो. वाहत्या पाण्यात, भरलेलं जाळं ओढत असताना तुम्हाला सैल सोडायला कोण देणार? बनियन अडकलं तर फाटतं आणि माणूस सुटतो. सहाशे डेनियर फाटत नाही. आपण दुकानात ज्या मजबुतीचे पैसे मोजतो ती पाण्यात उलटी फिरते.

मग सोडण्याची परीक्षा घेतली. एकानं जाळं धरून ओढायचं, घालणाऱ्यानं डोळे मिटून चंची काढायची. आपला सगळ्यात चपळ पोरगा यात होता. क्लिप पाठीमागे, ओला पट्टा आवळलेला, वरून डोक्यातून काढायची. ३१ सेकंद लागले. पायाखाली जमीन होती तरी ३१. बाहेर आल्यावर तो काही बोलला नाही, बिडी पेटवून बसला.

त्यानंतर चंचीत बदल केला. खांद्याचे दोन्ही पट्टे पुढून कापून तिथं शाळेच्या दप्तराला असतात तशा दाबून सुटणाऱ्या क्लिपा बसवल्या, आणि कमरेची क्लिप पाठीवरून पुढे डाव्या बाजूला आणली. आडव्या पट्ट्यांवरून एक सपाट कापड शिवून टाकलं. झाकणांची लोंबती टोकं कापून मेणबत्तीवर जाळून घेतली. तीन क्लिपा एका हातानं दाबल्या की चंची पुढे गळून पडते. त्याच पोरानं पुन्हा केलं, सहा सेकंदांत सुटली. जाळंही दहात एकदाच अडकलं. या सगळ्याला १८० रुपये गेले. म्हणजे सातशेची वस्तू नऊशेला पडली.

आता लाईफ जॅकेट. सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून जरा सावकाश वाचा.

जॅकेटवर ५०, १०० किंवा १५० असा आकडा आणि पुढे एन लिहिलेलं असतं. ते जॅकेट किती वर उचलतं याचं माप आहे. ५० म्हणजे साधारण पाच किलो, १०० म्हणजे दहा किलो. ५० वालं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असेल तेव्हासाठी. शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड ते वर करत नाही. वरच्या मापाची जॅकेटं माणसाला उताणा करायला केलेली असतात. कशी करतात? छातीवर फोम जास्त असतो, छाती वर येते, तोंड आभाळाकडे होतं. आता त्याच छातीवर तुम्ही पक्कड, चाकू, शिसं, बॅटरी, मोबाईल बांधला. जे वर यायला पाहिजे तिथंच वजन टांगलं. माणूस पालथा व्हायला लागतो.

हे मी पुस्तकी सांगत नाही. जॅकेटवरून चंची बांधून, खिशांत तीन किलोचं सामान भरून पोरानं अंग सैल सोडलं, तर जॅकेट गळ्याकडे सरकलं आणि तोंड पुढे झुकलं. हात मारत राहावं लागलं. चंची काढली आणि पुन्हा अंग सोडलं तर आरामात उताणा तरंगला. जॅकेटच्या आतून चंची बांधून बघितली, तर खिशात हात जात नाही. मग घालून उपयोग काय? आणि हवा भरून फुगणारं जॅकेट असेल तर त्यावरून असला घट्ट पट्टा कधीच बांधायचा नाही, त्याला फुगायला जागा राहत नाही.

काही जण म्हणाले, मग जॅकेटलाच खिसे शिवून घेऊ. तेही नको. सुई फोममध्ये आणि पट्ट्यांच्या सांध्यात गेली की त्या जॅकेटवर भरवसा ठेवता येत नाही.

सभेत मी जे मांडणार आहे ते आधीच सांगतो, म्हणजे भांडण करायचं ते तयारीनं येऊन करा. चाळीस चंच्या घेण्याला माझा विरोध आहे. सातशेप्रमाणे २८,००० होतात, बदल धरले तर ३५,००० च्या वर. माझ्याकडे आलेल्या दरपत्रकात १०० एन मापाचं फोमचं जॅकेट ११०० ला आहे. म्हणजे त्याच २८,००० त पंचवीस जॅकेटं येतात. आजच्या घडीला रात्री तराफ्यावर जाणारे आपले सभासद एकवीस आहेत आणि त्यातल्या चौघांकडेच जॅकेट आहे. हिशेब तुमच्यासमोर आहे.

मग त्या रात्रीच्या फोनचं काय? पोरांचा मूळ मुद्दा खरा होता, फोन अंगावर पाहिजे. पण त्याला चंची लागत नाही. गळ्यात घालायचं, तोंड गुंडाळून बंद होणारं पारदर्शक पाऊच शंभर-दीडशेत मिळतं. आत थोडी हवा ठेवून बंद केलं की फोनसकट तरंगतं, आणि बाहेरून बोट लावून नंबर फिरवता येतो. मी बादलीत आणि नंतर जलाशयात दोन्हीकडे करून बघितलं. कोरड्यात आधी सराव करा, ओल्या बोटानं फोन नीट ऐकत नाही. ११२ सोबत काठावरच्या एका माणसाचा नंबर पहिल्याच पानावर ठेवा. पाऊचची दोरी जाड घेऊ नका; झटका बसला की तुटेल अशीच पाहिजे, नाहीतर गळ्याला फास बसायचा. जॅकेटला एक शिट्टी बांधा. फोनची बॅटरी संपते, शिट्टीची संपत नाही.

मोठ्या होडीवर, जिथं दोघं-तिघं असतात आणि जाळं ओढणारा वेगळा असतो, तिथं वल्ह्यावर किंवा इंजिनावर बसणाऱ्यानं बदल केलेली चंची वापरायला माझी हरकत नाही. जॅकेट आधी, चंचीत एक किलोच्या आत सामान, आणि जाळ्याला हात लावायच्या आधी चंची काढून ठेवायची. अशा होड्या आपल्याकडे सहा आहेत. होडीमालकांनी स्वतःच्या पैशानं घ्यावी, बदल सोसायटी करून देईल.

जाता जाता विम्याचं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराचा अपघात विमा आहे, वय १८ ते ७०. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यात राहिल्यास २५ हजारांपर्यंत. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं, तुमच्या खिशातून काही जात नाही. तरी नऊ जणांची कागदपत्रं अजून माझ्याकडे आलेली नाहीत. आधारची झेरॉक्स, बँक पासबुक आणि वारसाचं नाव. नावं इथं लिहीत नाही, पण तुम्हाला माहीत आहे तुम्ही कोण ते.

एक गोष्ट राहिली. ही चंची कुणाला खरोखर उपयोगी पडली असेल तर ती आपल्या बायांना. आठवडी बाजारात मासळी विकणाऱ्या एका वहिनीनं ती कार्यालयात बघितली आणि म्हणाली, "भाऊ, एक दिवस देता का?" सुट्टे पैसे एका खिशात, नोटा दुसऱ्यात, मोबाईल समोरच, पैसे आले की नाही ते लगेच दिसतं. एरवी एक हात मासळीत आणि दुसरा कनवटीला, नोटा ओल्या होतात, वासही लागतो. कोयत्यानं मासा कापताना पदर पुढे येतो तोही पट्ट्याखाली बसतो, असं तिनं सांगितलं. मी वीस वर्षं हिशेब लिहितोय, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. संध्याकाळी तिनं परत दिली तेव्हा खिशांतून खवले निघाले आणि त्या दिवशीच्या हिशेबात पैशाचाही फरक निघाला नाही. पट्टे थोडे लांब पाहिजेत आणि आतून धुता येईल असं अस्तर पाहिजे, एवढीच तिची तक्रार. आता अजून पाच जणींनी विचारलंय. आपल्या गावातला ताडपत्री शिवणारा म्हणतो, क्लिपा आणून द्या, मी चारशेत शिवून देतो. हाही विषय सभेपुढे ठेवतोय.

ज्यांना चंची घालून बघायची त्यांनी कार्यालयात या. गुरुवारी येऊ नका, त्या दिवशी ती बाजारात असते.